टाकीवाला फ्लोट

(दुपार. फोनवर. येसाजी शिळफाट्याला एका इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी. त्याचा मुलगा ऋतिक मांडव्याच्या अलीकडे समुद्रात, शेठच्या शिडाच्या होडीत एकटा.)

येसाजी : शीड-बीड राहू दे रं. पंप वाजतोय का, तेवढं सांग.

ऋतिक : बाबा, दोन्ही हात दोरीत अडकलेत. नंतर करतो ना फोन.

येसाजी : नंतर नाय. वाजतोय का?

ऋतिक : नाय. निघाल्यापासून घुरघुरत होता. मघाशी दोन लाटा आत आल्या, थोड्या वेळानं गप झाला. पाणी उपसून झालं असेल.

येसाजी : झालं नाय. फळी उचल.

ऋतिक : कसली फळी?

येसाजी : तुज्या पायाखालची. जिच्याखाली मी पंप बसवलाय ती. उचल म्हनतो ना.

ऋतिक : थांबा... बाबा, पाणी फळीला टेकलंय. पंप बुडालाय पार. तुमी तिकडे बसून कसं ओळखलं?

येसाजी : आत्ता हितं टाकीत फ्लोट सोडत होतो. पाणी वर आलं की फ्लोट वर, मोटर बंद. तीस वरसं हात तेच करतोय. होडी कळंबला शेठच्या फार्महाऊसवर व्हती तवा तिलाबी तसाच जोडला मी. टाकी भरायची असती, होडी रिकामी ठेवायची असती, येवढं डोक्यात आलं नाय.

ऋतिक : म्हणजे होडी भरली की पंप बंद?

येसाजी : व्हय. अक्कल गहाण ठेवली व्हती मी त्या दिवशी.

ऋतिक : होडी जड लागतेय, बाबा. वळवली तरी वळत नाय. मला वाटलं वारा पडलाय.

येसाजी : घाबरू नको. मी घाबरलोय तेवढं पुरं. पक्कड हाय?

ऋतिक : आहे.

येसाजी : पंपाची तांबडी वायर फ्लोटमधनं सोडव. थेट बॅटरीच्या तांबड्याला लाव. काळीला हात लावू नको.

ऋतिक : बॅटरी सकाळपासून चालतेय. उतरली असेल तर?

येसाजी : तर बादली. आधी लाव.

ऋतिक : सुटत नाय. टेप तरी किती गुंडाळलीय तुमी.

येसाजी : दातानं तोड.

ऋतिक : ... ठिणगी उडाली.

येसाजी : उडू दे. वाजला का? बोल की रं.

ऋतिक : ऐका.

येसाजी : ... वाजतोय. पानी भाईर पडतंय का?

ऋतिक : पडतंय. जोरात पडतंय.

येसाजी : फोन तितंच ठेव, पंपाजवळ. बंद करू नको. मला आयकू दे.

ऋतिक : ... बाबा, आहात ना?

येसाजी : हाय की. कुटवर आलं?

ऋतिक : पंपावरचं तुमचं नाव दिसायला लागलं. येसाजी, कळंब. खाली मोबाईल नंबर.

येसाजी : सगळ्या मोटरींवर रंगवतो, तसं रंगवलं. काठाला लागलास की पुसून टाक ते.

ऋतिक : शेठ पण म्हणालेले, पुस. मी नाय पुसलं.

येसाजी : आता पुस.

ऋतिक : नाय. रविवारी मांडव्याला या. फ्लोट तुमीच नीट जोडा.

येसाजी : होडीत कंदी बसलो नाय रं मी.

ऋतिक : या तर खरं. फळी मी उचलून धरीन.