दोन्ही हातांत ठोकळे

आजी : ...अहो, घरी घडाघडा बोलते! तुमच्या या बोलणं शिकवायच्या खोलीत पाऊल टाकलं की मात्र गप्प. तुमच्या त्या आरशाला घाबरते ती.

ताई : आरशाला ती नाही, तुम्ही घाबरता, आजी. ठकी, हा बघ ठोकळ्यांचा मनोरा. काय करू या याचं?

आजी : पाडा म्हणतेय.

ताई : कधी म्हणाली?

आजी : मान हलवली ना! अडीच वर्षं सांभाळतेय, नातीची मान मला कळते.

ताई : मला मान नाही, आवाज तपासायचाय. जन्मतः फाटलेली टाळू शिवून दीड वर्ष झालं. परत ऑपरेशन लागेल का, ते आज डॉक्टरांना कळवायचंय मला.

आजी : म्हणून तर सांगतेय, नको! मागच्या वेळी शुद्धीवर आली तेव्हा माझ्याकडे कशी बघत होती... जाऊ दे. ठकी, दाखव गं ताईंना. आपलं ठरलंय तसं.

ठकी : पाड!

आजी : घ्या! खणखणीत!

ताई : खणखणीत आहे खरं. पण हिने नाक का धरलंय?

आजी : कुठे?

ताई : चिमटीत. अजून धरलंय.

आजी : सर्दी असेल.

ताई : आजी.

आजी : आता तुम्हीच नाही का, मागे एकदा नाक धरून बोलायला लावलंत? कसा फटकन 'प' आला! म्हटलं, देवानेच औषध दाखवलं. दिवसातून चारदा करून घ्यायला लागले. आता आपलं आपणच धरते. दूध मागताना धरते, फोनवर बापाशी बोलताना धरते. शेजारीण विचारते, तुमच्या घरात काही कुजलंय का!

ताई : (हसू आवरत) अहो, तो तपास होता, औषध नव्हे! टाळूच्या मागे एक मऊ दार असतं. बोलताना ते वर उचललं जातं आणि नाकाची वाट बंद होते. तुम्ही पुढूनच वाट अडवलीत. मग मागच्या दाराने कशाला कष्ट घ्यावेत?

आजी : म्हणजे ऑपरेशन लागलं तर... माझ्यामुळे?

ताई : तसं नसतं हो. आणि दार लागतं की नाही, तेच तर बघायचंय. ठकी, हा ठोकळा या हातात, हा त्या हातात. सोडायचे नाहीत हं. आजी, तुम्ही ओठ मिटा.

आजी : मिटले.

ताई : मिटलेले ओठ बोलत नाहीत.

आजी : हं.

ताई : ठकी, काय करू मनोऱ्याचं?

ठकी : म्हाड.

ताई : नाकातून निसटलं. माझ्या ओठांकडे बघ. प... प... पाड.

आजी : अगं, पोटातून जोर लाव—

ताई : आजी!

ठकी : म्... प्... पाड!

ताई : आता आरसा बघा. तिच्या नाकाखालीच होता. नाकातून हवा निसटली, तर त्यावर वाफ धरते.

आजी : धुरकट दिसतोय हो मला.

ताई : तो तुमचा चष्मा. पुसा आधी.

आजी : हां... कोरडा आहे! कोरडाच आहे ना?

ताई : परत बघू. ठकी?

ठकी : पाड! पाड! पाड!

ताई : चारपैकी तीनदा कोरडा. दार लागतंय, आजी, त्याला सवय नाही एवढंच. आत्ता ऑपरेशन नको, तीन महिने सराव करू, असं लिहिते. पुढचं वचन नाही देत.

आजी : मी मागतही नाही. तीन महिने मिळाले, देव पावला.

ताई : घरी नाक धरायचं बंद. आणि तिच्या वतीने बोलणंही बंद.

आजी : नाकाचं जमेल.

ताई : दुसरंही जमवा. चला, आज दमली असेल. थांबू या, की आणखी एक मनोरा बांधू?

आजी : ती काय म्हण... तिला विचारा.