तोमे ओइकावा यांनी खणलेला चर

जबाब देणाऱ्याचे नाव: कुनिहिको सावागुची. वय: ५७ वर्षे. धंदा: हीट पंप बसवणे व दुरुस्ती. राहणार: युनोसावा, बाजाराजवळ, इवाते प्रांत.

बोलावल्यावरून मी आज दिनांक ९ फेब्रुवारी रोजी सकाळी दहा वाजता ठाण्यात हजर झालो असून स्वतःहून सांगतो की, मी वरील पत्त्यावर पत्नीसह राहतो. हा धंदा मी तीस वर्षे करतो आहे.

मासानोरी ओइकावा, राहणार सेंदाई, यांनी माझ्याविरुद्ध दिलेली तक्रार मला वाचून दाखवण्यात आली. मी त्यांची आई तोमे ओइकावा, वय ८४, यांना फोनवरून सूचना देऊन बर्फात खणायला लावले आणि त्यामुळे त्यांच्या उजव्या हाताची बोटे हिमदंशाने निकामी झाली, असे तक्रारीत आहे. तारखा बरोबर आहेत. बाकीचे घडले तसे सांगतो.

तोमे ओइकावा व त्यांचे पती किसाबुरो, वय ८८, हे डोंगराकडच्या कामिओसावा वाडीत राहतात. वाडीत पाच घरे आहेत. हिवाळ्यात बाकीचे लोक मुलांकडे शहरात जातात, हे दोघे जात नाहीत. किसाबुरो यांना अर्धांगवायू झालेला असून ते अंथरुणावर असतात. तीन वर्षांपूर्वी रॉकेलच्या शेगडीने त्यांची बाही पेटली, तेव्हापासून घरात शेगडी नाही. ऊब मिळते ती फक्त मी नऊ वर्षांपूर्वी बसवलेल्या हीट पंपावर. खोली सोळा अंशांखाली जाऊ देऊ नका असे डॉक्टरांनी बजावले आहे, हे मला माहीत होते.

हे यंत्र बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घरात आणते. बाहेर कितीही गारठा असला तरी हवेत थोडी ऊब असतेच. त्यासाठी बाहेरच्या युनिटला मागून हवा घ्यायला आणि पुढून हवा सोडायला मोकळी जागा लागते. सोडलेली हवा आत घेतलेल्या हवेपेक्षा थंड असते. तीच पुन्हा आत ओढली गेली तर युनिटवर बर्फ धरतो आणि ते बंद पडते.

दि. २ रोजी संध्याकाळी कडा कोसळून कामिओसावाचा रस्ता बंद झाला. वादळामुळे हेलिकॉप्टर जाऊ शकत नव्हते. वीज व फोन चालू होते. दि. ३ रोजी सकाळी ८ वाजता तोमे यांचा मला फोन आला. त्या म्हणाल्या, "छपरावरचा सगळा बर्फ खाली आलाय. तुझं मशीन गाडलं गेलं. आता गप्प बसलंय."

मी खोलीचे तापमान विचारले. एकोणीस होते. मी अग्निशमन दलाला कळवले. रस्ता उघडायला तीन दिवस लागतील असे उत्तर मिळाले. १० वाजता मी परत फोन केला तेव्हा खोली सोळावर आली होती. मी त्यांना म्हणालो, "आजी, बाहेर जाऊ नका. सगळी पांघरुणं त्यांच्यावर घाला आणि तुम्हीही आत शिरा."

त्या म्हणाल्या, "पांघरुणं काय ऊब तयार करतात? म्हाताऱ्यात काही उरलं असेल तर ती धरून ठेवतील. ते सोड. न्हाणीघराच्या खिडकीतून मशीन किती लांब आहे?"

मी सांगितले, दोन मीटर. हे मी सांगायला नको होते असे तक्रारदाराचे म्हणणे आहे. मी ते सांगितले.

त्यानंतर मी त्यांना वेळोवेळी पुढील गोष्टी सांगितल्या. आधी मेन स्विच बंद करा. भिंतीला धरून खणा. युनिटच्या मागे वीत-दीड वीत आणि पुढे हातभर जागा करा. युनिटच्या मागे ज्या पातळ पत्र्यांमधून हवा आत जाते, त्यांवर बर्फ दिसला तर कोमट पाणी ओता, उकळते नको. लोखंडाने ठोकू नका, त्या पत्र्या कागदासारख्या वाकतात. हातमोजे काढू नका, हे मी सांगितले नाही. मला ते सुचले नाही.

त्यांनी खिडकी उघडून अंघोळीच्या बादलीने खणले. निघालेला बर्फ त्या मागे टबात टाकत होत्या. टबात आदल्या संध्याकाळचे अजून कोमट असलेले पाणी होते, त्यात बर्फ विरघळत होता. हे मी सांगितले नव्हते. मी फोनवर फक्त बादलीचा आवाज ऐकत होतो. १ वाजून १० मिनिटांनी त्या म्हणाल्या, "पंखा फिरतोय."

पाऊण तासात यंत्र पुन्हा बंद पडले. सोडलेली थंड हवा त्या बिळातच साठत होती. मी म्हणालो, वर आकाशापर्यंत भोक पाडावे लागेल. त्या म्हणाल्या, "माझी उंची माहीत आहे ना तुला? वर एकावर एक दोन माणसं उभी राहतील एवढा बर्फ आहे." मी म्हणालो की मग उपाय नाही. असे मी म्हणालो, हे माझ्या बायकोनेही ऐकले आहे.

दहा मिनिटांनी त्यांचाच फोन आला. मी ते बोलणे आठवते तसे सांगतो.

"सावागुची, मी देवघरातली उदबत्ती घेऊन आत गेले होते."

"बर्फात?"

"बर्फात. पंखा थांबायच्या आत धूर कुठे जातो ते बघायचं होतं, म्हणून स्विच परत लावला. धूर वर गेलाच नाही. खाली बसला, माझ्या गुडघ्यांवरून सरकत मागे आला. तुझी थंड हवा पाण्यासारखी आहे रे. तिला वर चढवायला का सांगतोस? उतार दिला की ती आपणहून जाईल."

वर आणखी त्या म्हणाल्या, "तीस वर्षं काय केलंस?"

युनिटच्या समोर चार मीटरवर त्यांच्या शेताचा बांध आहे. बांधापलीकडे जमीन दोन मीटर खाली आहे. त्यांनी गादी वाळत घालायचा बांबू बर्फातून बांधाच्या दिशेने घुसवला आणि त्या मार्गाने उताराचा चर खणायला घेतला. कपाटाचे सरकते दार काढून ते युनिटच्या बाजूला उभे केले, म्हणजे पुढची हवा मागे येणार नाही. त्या दिवशी त्यांनी मला आणखी चार वेळा फोन केला. दर वेळी मी आता पुरे करा म्हणालो. दर वेळी त्या म्हणाल्या, "तू फोन ठेव, मला काम आहे." संध्याकाळी ५ वाजता खोली अठरा अंशांवर होती. दि. ४ रोजी सकाळी एकवीस. त्यानंतर ती वीसच्या खाली गेली नाही.

दि. ६ रोजी साडेअकरा वाजता रस्ता उघडला. मी अग्निशमन दलाच्या गाडीतून गेलो. दार तोमे यांनीच उघडले. त्यांचा उजवा हात टॉवेलात गुंडाळलेला होता. किसाबुरो उशाला टेकून संत्रे खात होते. मला पाहून म्हणाले, "हा परत मशीन विकायला आला वाटतं." आमच्यासोबत आलेल्या आरोग्यसेविकेने त्यांच्या अंगाचे तापमान घेतले, ते ३६.४ होते. तोमे यांचा हात पाहून तिने लगेच रुग्णवाहिका बोलावली.

मी न्हाणीघराच्या खिडकीतून बिळात शिरून यंत्र पाहायला गेलो. पत्र्या स्वच्छ होत्या, एकही वाकलेली नव्हती. समोर चर होता. रुंदी माझ्या खांद्यांएवढी, वर बर्फाचे छत. त्याचा तळ पाणी शिंपडून गोठवलेला, हात फिरवला तर काचेसारखा गुळगुळीत लागत होता, म्हणजे हवा कुठे अडायला नको. टोकाला उजेड दिसत होता. मी तळाशी हात धरला. बोटांवरून थंड हवा ओढ्यासारखी वाहत बांधाकडे जात होती, आणि वीतभर वर अजिबात वारा नव्हता. मी या भागात चारशेच्या वर यंत्रे बसवली आहेत. बर्फात हवेला वाट कशी द्यायची हे शिकवायला मला इतर गावांत बोलावतात. असे काही मी पाहिलेले नाही. मी तिथे किती वेळ होतो ते सांगता येणार नाही. दलाचे प्रमुख मला शोधत आले. त्यांनी आत वाकून पाहिले आणि टोपी काढली.

यंत्र आपल्या नोंदी ठेवते. त्या मी काढून सोबत जोडल्या आहेत. दि. ३ दुपार ते दि. ६ सकाळ एवढ्या काळात मेन स्विच चौतीस वेळा बंद करून दहा ते पंधरा मिनिटांत परत चालू केलेला आहे. एकेक वेळ म्हणजे तोमे ओइकावा एकदा आत जाऊन पत्र्यांवरचा बर्फ काढून आल्या. दोन फेऱ्यांमध्ये तीन तासांहून जास्त अंतर कुठेही नाही. मला फोनवर त्या म्हणाल्या होत्या की दिवसातून दोनदा बघते.

दि. ७ रोजी मी रुग्णालयात गेलो. मासानोरी ओइकावा बाहेरच भेटले. ते म्हणाले, "दोन बोटांची पेरं काढावी लागणार. तुम्ही घरात गरम बसून सांगत होतात." मी मान खाली घातली. ते खरे आहे.

तोमे यांना मी विचारले, हातमोजे का काढले. त्या म्हणाल्या, "मोज्यातून काय कळतं? पत्र्या वाकवू नका म्हणालास. हाताला लागल्याशिवाय बर्फ कुठे संपतो आणि पत्रा कुठे सुरू होतो ते कसं कळणार?" मग म्हणाल्या, "मुलाचं मनावर घेऊ नकोस. घाबरलाय तो. लहानपणापासून तसाच आहे."

पुन्हा तशी वेळ आली तर काय सांगाल, असे मला विचारण्यात आले. मी जाऊ नका असेच सांगेन. माझे सांगणे ऐकले जाईल असे मला वाटत नाही.

उपनिरीक्षक चिबा यांनी वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात "सावागुची यांच्या सांगण्यावरून चर खणण्यात आला" असे एक वाक्य होते, ते मी खोडायला सांगितले. अंगावरची जबाबदारी कमी करण्यासाठी हे करता काय, असे त्यांनी विचारले. मी सांगितले की हातमोज्यांची चूक माझी आहे, ती बोटे माझ्या नावावर लिहावीत. चर मला सुचलेला नाही, तो माझ्या नावावर लिहू नये. त्याप्रमाणे वाक्य खोडून त्या जागी "तोमे ओइकावा यांनी स्वतःच्या विचाराने चर खणला" असे लिहिण्यात आले. बाकीचे मी बोललो तसेच उतरले आहे, म्हणून खाली नाव लिहून माझ्या नावाचा शिक्का मारला.

कुनिहिको सावागुची