फोंतेलाचा वळू

— नाही, बूट नको काढूस, गोठा आहे हा, इथं कोण तुझे मोजे बघतंय? ये. कागद ठेव तिथं गवतावर. सहकारी संघानं तपासणीला माणूस पाठवायचा तर निदान शेण तुडवलेला पाठवावा — तू तर पाय असा उचलतोयस, जसा कोंबडा चिखलातून जातो. आणि संघ काढला कुणी, ठाऊक आहे? फोंतेलातल्या ह्याच चौदा घरांनी. एकेकटे होतो तेव्हा व्यापारी दारात येऊन म्हणेल तो भाव. मग ठरलं — सगळ्यांची वासरं एकत्र, मांसावर सगळ्यांचा शिक्का एक. आज लिस्बनच्या खाणावळीत आमच्या गोमांसाचं नाव पाटीवर लिहितात. आणि तू मला शिकवणार, की शिक्का फक्त आपल्या बारोझो भागातल्या अस्सल डोंगरी जातीला? मला, देओलिंदाला? नवरा गेला तेव्हा ह्या शिक्क्यावर घर चाललं माझं.

बघ, ही गावची अकरा वासरं. आईच्या दुधावरची. — काय? ते पांढरट? ते होय... त्याची आई गाभण होती ना, तेव्हा बर्फ फार पडलं. हसतोस काय? शहरात तुम्हाला दूध पिशवीत दिसतं, तुम्हाला काय कळणार! — तेही? हो, तेही बर्फानंच. बर्फ काय एकाच गाईवर पडतं?

वळू? वळू गावाचा. घरं पाळीपाळीनं सांभाळतात, ह्या महिन्यात माझी पाळी. आत आहे. त्याच्या जातीचा कागद आमच्या प्रमुखानं, विरजिलियोनं, दाखवला ना तुला? मग झालं. — शेजारच्या लामाश गावचे काही बोलले वाटतं? तोंडच सांगतंय तुझं. जळतात रे ते! गेल्या जूनच्या जत्रेत त्यांचा वळू आणला आमच्याशी टक्कर लावायला — वळू कसला, शिंगं चिकटवलेली शेळी! — आणि पुढं बॅन्ड वाजवत! दोन मिनिटं. आमच्यानं मान खाली घातली, एक रेटा दिला, की ते ध्यान शेपूट वर करून थेट मिठाईच्या मांडवात. नऊ वर्षं हरत होतो आम्ही. नऊ वर्षं चर्चच्या पायरीवर टोमणे ऐकले. शेवटी मीच सभेत म्हटलं, बाबांनो, आपल्या जातीची शिंगं लांब, पण वजन कुठाय? फ्रेंच रक्ताचा आणा, पांढराशुभ्र, अकराशे किलोचा, मान म्हणजे ओकचं खोड —

काय लिहितोयस?

मी जत्रेचं बोलत होते. झुंजीचं. वासरांचं नाही. झुंजीचा वेगळा असतो, गाईंना वेगळा... थांबा. साहेब, थांबा ना. बसा. घरची वाइन आहे, घोटभर घ्या. अहो, ह्यातली माझी दोनच वासरं, बाकी लोकांची आहेत. चौदा घरांनी मला एकच काम सांगितलं होतं — देओलिंदा, तू फक्त गप्प राहा.

नाही पीत? नका पिऊ. तुमच्यासारख्याला काय चव कळणार आहे! निघा. पण लामाशवरून जाऊ नका, वरच्या वाटेनं जा — त्यांच्या आधी माझ्या गावाला कळू दे. माझ्याच तोंडून कळू दे.

निघा म्हटलं ना!