पडलेला काठ

टेबलावर नको, टेबलावर नको म्हणतोय ना – हां, तिकडे, त्या टॉवेलवर. तोंड वर करून. तोंड म्हणजे चकचकीत बाजू हो. टेबलावर घासायची पूड सांडलेली असते, एक कण लागला की संपलं – पण तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तर घरूनच कार्यक्रम उरकून आलेले दिसताय. कशाने पुसलात? नाही, रागावत नाही, नुसतं विचारतोय. कशाने? – चष्म्याच्या फडक्याने. वा. मऊ होतं, नाही का? सगळ्यांचं मऊच असतं. मागे एक गृहस्थ आले होते, त्यांनी बायकोच्या ओढणीने पुसला होता, रेशमी, म्हणे मुद्दाम धुऊन वाळवली. अहो साहेब, हा दाढीचा आरसा नाही. त्याला मुलामा मागे असतो, पुढे काच, हवं तेवढं चोळा. दुर्बिणीच्या आरशाला मुलामा पुढेच असतो, उघडा, नागडा. धूळ बसली तर बसू द्यायची. आरसे धुळीने मरत नाहीत, लोकांच्या मायेने मरतात.

बसा. स्टूल डुगडुगतं, जपून. – हे काय, पत्रक? तुमच्या मंडळाचं? बघू. ‘विश्वाच्या गूढरम्य दालनात, सहकुटुंब.’ ‘अनंताची हाक ऐका.’ कुणी लिहिलं? तुम्हीच? वाटलंच. अनंत कशाला तुम्हाला हाका मारतोय, त्याला दुसरे उद्योग नाहीत? आणि सहकुटुंब! मी सांगतो काय होतं त्या दालनात. गच्चीवर साठ माणसं रांगेत, एकेकाला दहा सेकंद. पहिला येतो तो डोळ्याऐवजी कपाळ लावतो. दुसरा म्हणतो काहीच दिसत नाही, कारण त्याने डोळाच मिटलेला असतो. मग एक बाई येतात, शनी बघतात आणि म्हणतात, ‘अय्या, अगदी चित्रातल्यासारखा!’ म्हणजे शनी पास झाला, चित्राशी जुळला म्हणून. आणि तुम्ही मागे हाताची घडी घालून सांगताय, की या ताऱ्याचा उजेड दोन हजार वर्षांपूर्वी निघालाय. सांगता ना? बिचारा दोन हजार वर्षं कुठेही न थांबता, कशाला न धडकता एवढ्या लांबून आला, आणि शेवटच्या हातभर अंतरावर तुमच्या फडक्याच्या ओरखड्यांत अडकला. हे घ्या तुमचं विश्वाचं रहस्य.

मी? छे. मी नाही बघत. शिंपी कोट शिवतो म्हणून लग्नाला जातो का? चाळीस वर्षं आरसे घासतोय, मला वरचं काही नको. माझं जे काय आहे ते इथे, या पिंपावर – दोन काचा एकीवर एक, मध्ये पूड आणि पाणी, आणि पिंपाभोवती फिरत फिरत घासायचं, आठवडेच्या आठवडे. वरची खोलगट होत जाते, खालची फुगत जाते. शेवटी राळेच्या गादीवर, अगदी हलक्या हाताने – केसाच्या जाडीचा हजारावा भाग इकडचा तिकडे झाला तर मी रात्रभर तळमळणार. हे मला समजतं. वर काय आहे? विस्तव, वायू, आणि बाकी सगळा रिकामा पसारा. मोठं आहे म्हणून थोर? नुसतं मोठं असण्यात कसलं आलंय कर्तृत्व!

बरं, तक्रार काय? – ताऱ्याभोवती धूसर. केसाळ. हवा चांगली असली तरी? डोळ्याजवळचं भिंग बदलून बघितलंत? आणि फडकं मारायच्या आधीपासून आहे म्हणता. मग दुसरं काही नाही, काठ पडलाय. म्हणजे कडेला काच हवी त्यापेक्षा जास्त घासली गेलीय, उतरलीय – बशीचा काठ बाहेर वळावा तशी. मधली काच इमानदारीने सगळा उजेड एका बिंदूत आणते, आणि काठ आपला, घरातल्या भांडकुदळ मेव्हण्यासारखा, त्याचं तो भलतीकडेच पाठवतो. घाईचं काम. नवशिक्याचं. कुणी करून दिला? – शाळेने अडगळीत काढला, त्यातून घेतलात. कुठली शाळा? – कालव्यापलीकडची? द्या बघू इकडे. उलटा करतो. नाही, तुम्ही हात लावू नका, मी करतो.

एकशे बारा.

नाही, काही नाही. नंबर आहे. आम्ही हिऱ्याने मागे कोरतो. हे आकड्याभोवतीचं वर्तुळ दिसतंय? मी नुसता आकडा टाकतो. वर्तुळ धाकटी काढायची. माझी बहीण. तीही घासायची ना, इथेच, त्या खिडकीपाशी तिचं पिंप होतं. तिचाच हा. मग बरोबर आहे, काठ पडणारच. अर्धं लक्ष कायम वर. एक आरसा झाला की नळीत बसवून गच्चीवर, आणि तिथून हाका – दादा, ये ना, दोनच मिनिटं, दादा, कसले रंग आहेत बघ, एक तारा सोनेरी आणि त्याला चिकटून एक निळा. मी म्हणायचो, मला पूड चाळायचीय. मग खाली येऊन ऐकवायची. म्हणायची, दादा, तू आकाशाचा न्हावी आहेस, गिऱ्हाइकाचं तोंड न बघता हजामत करतोस. तोंडाची फटकळ. आमच्या घरात सगळेच.

तपासायचा? आत्ता? नाही. गाडीत मांडीवर घेऊन आलात ना? मग गरम असणार. गरम काच मी तपासत नाही. अर्धा दिवस नुसती ठेवून द्यावी लागते. अहो, गंमत नाही – अंगठा टेकवून दहा आकडे मोजलेत, तरी दिव्यापुढे त्या जागी टेकाड दिसतं, चांगलं घसघशीत, आणि ते बसेपर्यंत वाट बघावी लागते. येईल त्याला मी पहिलं हेच शिकवतो, गरम काच बघायची नाही. एकदाच बघितली मी. एकदाच. – कुठली काय, हीच.

तुम्हाला घाई नाही ना? असली तरी बसा. तिला ताप यायचा, रोज. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलेलं, आणि ही खोलीत राळेची गादी आणि पिंप मांडून बसलेली. म्हणाली, एवढा पुरा करते आणि मग झोपतेच. केला पुरा. आणि दोन्ही तळव्यांनी काठाला धरून, छातीशी घेऊन, तिच्या खोलीतून इथपर्यंत स्वतः चालत आली. बसत बसत आली असणार, मी बघितलं नाही. मी आरसा घेतला, लगेच चौकटीत चढवला, दिवा लावला, परतणाऱ्या उजेडात पातं सरकवलं, त्याने काचेचा उंचसखलपणा सावलीत दिसतो – आणि काठ उभा, वर आलेला. चहूबाजूंनी उभा! दोन गिऱ्हाइकं होती इथे, तुम्ही बसलात तिथेच. त्यांच्यासमोर म्हणालो, बाईसाहेब, आकाशातून सवड मिळाली की काचेकडेही बघत जा. ती हसली. गिऱ्हाइकंही हसली. आणि मी राळेची गादी घेऊन तो काठ घासून खाली बसवला. वीस मिनिटं. तिच्यादेखत, हात कसा चालवायचा ते दाखवत.

सकाळी थंड काच परत लावून बघितली तर काठ पडलेला. तो उभा कधी नव्हताच हो. तिच्या हातांचा ताप होता तो. हात लागले तिथे काच फुगली होती, एवढंच. शेंबडं पोरही ओळखेल. मला नाही ओळखू आलं, कारण मला चूकच बघायची होती.

संध्याकाळी पडल्या पडल्या तिने विचारलं, बसला का काठ? मी तिची उशी सारखी करत बसलो. तर म्हणाली, माझाच हात जड पडला असेल दादा, हल्ली ताकद राहत नाही. मी म्हणालो, हं. – बस. हं. त्यानंतर पंधरा दिवस होती ती. पंधरा दिवसांत दोन वाक्यं बोलून झाली असती. मग शाळेचे मास्तर आले, त्यांना देऊन टाकला, आणि कुणी विचारलं की सांगायचो, बहिणीचं काम आहे, काठ पडलाय. मघाशी तुम्हालाही तेच सांगितलं. अकरा वर्षं सांगतोय, जीभ सरावलीय.

दुरुस्त? होतो की. सगळे होतात. पण कसा, ते ऐका. काच घासून कमी करता येते, वाढवता येत नाही. पडलेला काठ वर उचलता येत नाही. मधलं सगळं खाली न्यावं लागतं, काठाच्या बरोबरीला. म्हणजे माझ्या अर्ध्या इंचासाठी तिची सात इंच काच खरवडायची. मी नाही करणार. दुसऱ्या कुणाकडे न्या – नाही, नेऊ नका. नेऊ नका म्हणतो. विनंती कसली, मी विनंती करत नाही कुणाला, सांगतोय. मुलामा नवा चढवून घ्या, त्याने काचेचा आकार हलत नाही, पत्ता लिहून देतो. आणि काळ्या पुठ्ठ्याचं एक कडं कापा, अर्धा इंच रुंद, आणि आरशाच्या पुढे बसवा, काठ पुरता झाकेल असं. पाव भाग उजेड जाईल. जाऊ दे. राहील त्यात तारा टाचणीच्या टोकाएवढा येईल, स्वच्छ. मग दिसेल ते सगळं तिच्या हातचं. माझं मध्ये काही लुडबुडणार नाही.

काय? पत्रकात नाव? खबरदार! रांगेतल्या त्या साठ जणांना काय करायचंय तिच्या नावाशी? दहा सेकंद बघायचं, अय्या म्हणायचं आणि पुढे सरकायचं. सरळ बघितलं तरी पुष्कळ. हा घ्या पत्ता. टॉवेल राहू दे, त्यातच गुंडाळून न्या, परत आणायची गरज नाही.

आता माझ्याकडे काय बघताय? तुमचं काम वर बघायचं ना? जा मग. बघा.