बंद पडलेला पंप

सुनावणीच्या खोलीबाहेर मास्तर मांडीवर बाटली धरून बसले होते. शेजारी रंगाच्या कारखान्याचे मालक होते आणि त्या कारखान्याची वीज तोडणाऱ्या प्रदूषण खात्याच्या अधिकारी बाई.

“बाई, सांडपाणी साफ करणारा पंपही त्याच विजेवर होता.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“डोकं फिरलं होतं. म्हटलं, तोडताय ना, मग निस्तरा.”

“एक फोन करायचात. टाकी भरून सगळं पाणी ओढ्यात गेलं हो.”

“तुम्ही तरी विचारायचंत.”

“कायद्यानं अधिकार दिला होता. इतक्या नोटिसा पचवल्या होत्यात तुम्ही, हात शिवशिवत होते माझे.”

“मेलेले मासे बघून आलो मी.”

“मीही गेले होते.”

“आत काय सांगणार?”

“कायद्याप्रमाणे वीज तोडली, एवढंच. तुम्ही?”

“मला कुणी विचारलं नाही, एवढंच.”

मग बाई मास्तरांकडे वळल्या.

“आजोबा, तुमचं काय काम?”

मास्तरांनी बाटली उजेडात धरली. तळाशी निळा गाळ साचला होता.

“शाळेतल्या पोरांना मी ओढ्यात पोहायला शिकवतो,” ते म्हणाले. “पुन्हा कधी उतरायचं, म्हणून रोज विचारतात.”