अँबॅसिडर वळेल एवढी जागा

समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती पितांबर नाना, सौ. लताबाई आणि जमलेल्या जळगावकर बंधू-भगिनींनो,

नगररचनेतले आरेखक निवृत्त होताहेत आणि बोलायला उभा आहे प्लॉट पाडून विकणारा सुकदेव! काहींना हसू येतंय, येऊ द्या. नानांनी ज्याचा नकाशा चारदा परत पाठवला, असा मानकरी या हॉलमध्ये मी एकटाच असेन.

सत्त्याऐंशी साली पिंप्राळ्याला मी पहिलीच वसाहत पाडत होतो. एक गल्ली पुढे बंद होत होती. तिच्या टोकाला गाडी वळवायला जागा सोडा, असं नानांचं म्हणणं. सोडली तर माझे दोन प्लॉट जात होते, आणि ते मी दोन मेहुण्यांना कबूल करून बसलेलो. आता सांगा, माणसानं नगररचनेला भ्यावं की सासुरवाडीला?

मी म्हटलं, “नाना, आहे एवढ्यात गाडी वळते.”

“मग वळवून दाखवा. वळली तर फाईल मी स्वतः साहेबांपुढे ठेवतो.”

रविवारी नाना सायकलवर चुन्याच्या फक्कीची पिशवी घेऊन हजर. माझ्याच नकाशाप्रमाणे त्यांनी मोकळ्या रानात रस्ता आखला, प्लॉटांच्या कोपऱ्यांवर दगड ठेवले. मी अँबॅसिडर आत घातली. मागे माझी आई, कमलबाई. लेकाची वसाहत बघायला हौसेनं आलेली.

पुढे घेतली, मागे घेतली, पुन्हा पुढे. नाना वही घेऊन शेजारून चालत होते. अगदी नम्रपणे म्हणाले, “शेठ, आता तुम्ही चौदा नंबरच्या स्वयंपाकघरात आहात.” थोड्या वेळानं, “हे पंधरा नंबरचं न्हाणीघर. जरा खोकून या.”

सातव्या खेपेला आई कावली. “सुकदेव, मी उतरस आठेच. तू फिरत ऱ्हाय!” उतरली आणि थेट नानांकडे गेली. “भाऊ, किती जागा जोयजे?”

नानांनी फक्कीनं मोठं वर्तुळ काढलं. गाडी एका दमात वळली. मी ते दोन्ही प्लॉट सोडले. थोरला मेहुणा वर्षभर बोलला नाही. खरं सांगू, वर्ष फार सुखाचं गेलं.

पण एक गोष्ट आज पहिल्यांदाच सांगतो. त्या रविवारी माझ्या खिशात नानांच्या बदलीसाठी लिहिलेला अर्ज होता. दुसऱ्या दिवशी तो वर पोचवायचा होता. घरी गेल्यावर मी तो चुलीत घातला. नाना, तुम्हाला हे ठाऊक नव्हतं. माझी मान आजही खाली जाते.

आता उन्हाळ्यात त्या जागेत बायकांच्या खाटांवर कुरडया वाळतात, आणि रिक्षा त्यांना वळसा घालून खुशाल परत फिरते.

इतक्या वर्षांत नानांनी माझ्या घरचा कपभर चहा घेतला नाही. “तुमची फाईल टेबलावर आहे,” म्हणायचे. नाना, आज संध्याकाळी टेबलच सुटलं! उद्या सकाळी लताबाईंना घेऊन या. आईनं आत्तापासूनच कप काढून ठेवलेत.

मला बोलू दिलंत, आभारी आहे. प्लॉट मोजणाऱ्याची जीभ आहे. कुठे हद्द ओलांडली असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला. नमस्कार.