झेंडूच्या माळेनं थांबलेला हात

काय सांगू तुम्हाला, मी सुमन, कुरुळीचीच, म्हायेर बी हितलंच आन सासर बी, वावरं होती तवा कांदा काढला, मग कंपन्या आल्या तशी आमी बाया बी कंपनीत गेलो. पयल्या कंपनीत वेल्डिंगचा रोबो होता, ह्यो धिप्पाड, जाळीच्या पिंजऱ्यात ठेवलेला. दार उघडलं की समदं बंद, कारण वाटंत कोण आलं ते त्याला उमगायचंच न्हाई, आपला गरागरा हात फिरवायचा. खंडेनवमीला हार घालायचा तो बी जाळीला, भाईरनं.

मग ही कंपनी, हितं पंप जुळवायचं काम. पारसाल माझ्याच टेबलावर नवा रोबो बसवला, मानसाच्या जोडीनं काम करनारा, कोबॉट म्हनत्यात, आन पिंजराच न्हाई! मी म्हनलं अगं आई गं, जाळी कुठंय? स्नेहल मॅडम, आमची इंजिनेर पोरगी, म्हनली मावशी, हा हलका, सावकाश चालतो, कुणाला लागला की थांबतो. मला काय पटंना. सायेब म्हनले भीती वाटत असंल तर सांगा, दुसरी बाई बसवू. आता काम सोडून घरी बसू व्हय? जीव मुठीत धरून उभी ऱ्हायले, पन हात आखडून, त्यानं माझं काम मागं पडाया लागलं.

खंडेनवमी आली. जाळी न्हाई, मग हार घालायचा कुठं? मी त्याच्या हातालाच झेंडूची चांगली जाडजूड माळ बांधली, कुंकू लावलं. दसऱ्याची सुट्टी करून आलो, बटन दाबलं, तर गडी जरासा हलला आन लाल दिवा लावून गप. परत दाबलं, परत तेच. सायेब धावत आले, कुणी हात लावला ह्याला? मी मनात म्हनलं गेलं, सुमन, तुझं काम गेलं.

स्नेहल मॅडमनं माळ बघितली आन पोट धरून हसाया लागली. अवो मावशी, माळंचं वजन लागतंय त्याला, त्याला वाटतंय कुणीतरी हात धरलाय, म्हनून थांबलाय बिचारा.

मी म्हनलं, फुलांना थांबतोय ह्यो? माळ काढली, तो चालू झाला, आन समद्यांसमोर मी माझा हात त्याच्या वाटंत धरला. टेकला, आन थांबला! अशी हसले, अशी हसले, डोळ्यांत पानीच आलं.

आता नवं काम आलं की मीच त्याचा हात धरून शिकवते, हितनं उचल, हितं ठेव, पोराकडनं पाटीवर अक्षर गिरवून घ्यावं तसं. तेच तेच स्क्रू त्यो आवळतो, बारीकसारीक मी बसवते. घरी आमच्या मालकांना म्हनते, जलमभर बोंबलले पन तुमी कधी थांबला न्हाईत, त्यो नुसता हात लागला की थांबतो. मालक बी हसत्यात.

ह्या खंडेनवमीला माळ त्याच्या पायाशी ठेवली आन म्हनलं, सुखी ऱ्हा बाबा, असाच मानसाचा हात वळखत जा.